अर्ध्या इंचाची साखळी

गडचिरोलीहून पूर्वेला, मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा लागते. रेल्वेचे वडसा इथून लांब. अशा जंगलपट्ट्यात काळी दांडीची सायकल पिढ्यान् पिढ्या चालली ती नुसत्या मजबुतीवर नव्हे; एका कंपनीच्या सायकलीला दुसऱ्या कंपनीची चेन बसत होती, म्हणूनही.

या सोयीची सुरुवात मँचेस्टरची. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये बुश-रोलर साखळी घडवली. पुढे सायकलींसाठी पिनेपासून पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच ठरले. बर्मिंगहॅमची बीएसए मुळात बंदुका करणारी कंपनी, पण सायकलीचे सुटे भाग ती इतर कारखान्यांनाही विकत असे. त्यामुळे तिची मापे रुळली. फ्रीव्हीलसाठी १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र क्रँकच्या धुरीच्या कपांना इंचाला २६ आटे ठेवले. बाहेरून सारखाच दिसणारा दुसऱ्या कंपनीचा कप तिथे बसेना. असल्या वेगळेपणाची किंमत गिऱ्हाईकच मोजते.

भारतात मद्रासची टीआय, सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) असे कारखाने उभे राहिले. साध्या सायकलीत अर्ध्या इंचाची, आतून अष्टमांश इंच रुंद चेन सगळीकडे सारखीच. खेड्यातल्या दुकानदाराला थोडक्या मालावर गावच्या सायकली चालत्या ठेवता येत, त्या यामुळे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळू लागल्या. त्यांतल्या बिनगिअरच्या सायकलींनाही हेच माप उपयोगी पडते.

गिअर आले आणि घडी मोडली.

गिअरची चेन आतून साधारण तीन बत्तिसांश इंच. रुंद चेन अरुंद दात्यांवर कशीबशी फिरते, अरुंद चेन जाड दात्यांवर बसतच नाही. त्यात चक्रे अडकवायच्या दोन पद्धती: हबवर आट्यांनी फिरवून बसणारे फ्रीव्हील आणि खाचांवर सरकवायची कॅसेट. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. शिमानोने १९८९ मध्ये हायपरग्लाइड आणल्यावर दात्यांचा आकारही गिअर बदलण्याच्या हिशेबाने कोरला जाऊ लागला.

म्हणून जुना भाग हातात घेऊनच दुकानात जावे: चक्रे किती, आटे की खाचा, चेन आतून किती रुंद. नवी चेन पिनांमधल्या २४ अंतरांत बरोबर १२ इंच भरते. ती अष्टमांश इंचाने लांबली असेल, तर दातेही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी फक्त नवी चेन घातली, तर जोर लावताच ती दात्यांवरून उडी मारते. चेनबरोबर फ्रीव्हीलही घ्यावेच लागते.