आबाची राजदूत

परवा नातवाने मोबाईलवर जुन्या राजदूत ३५० चा भाव दाखवला. चांगल्या स्थितीतल्या गाडीला लोक आता लाखांत पैसे मोजतात म्हणे! मला माझा धाकटा भाऊ आबा आठवला.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्राने ही दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडे आणली. आबाने म्हसवडात हौसेने घेतली. पळायची वाऱ्यासारखी, पण पेट्रोलही तसंच प्यायची. १९८५ मध्ये लिटरला कितीतरी जास्त पळणारी हीरो होंडा सीडी १०० आली आणि जुन्या राजदूतला गिऱ्हाईक मिळेना. एका दुष्काळी वर्षी आबाने ती पडेल त्या भावाला विकली. किल्ली देताना दोनदा हात खिशात परत गेला त्याचा.

भाव पेट्रोलने पाडला, आठवणींनी चढवला. ते बघायला आबा राहिला नाही. असो.