असईचा बॅगपाइपवादक
दुसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात (१८०३–०५) ७८ व्या हायलँड पलटणीत असलेला एक स्कॉटिश रणवादक. डेव्हिड स्ट्यूअर्ट या लष्करी अधिकाऱ्याने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हायलँड पलटणींच्या वृत्तांतात त्याची हकीकत आली आहे. मात्र तीत त्याचे नाव नाही.

बॅगपाइप हे सुषिर वाद्य आहे. काखेतील हवेने भरलेली पिशवी दाबली असता एका नळीतून चाल व इतर नळ्यांतून अखंड आधारस्वर निघतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळे त्याच्या घोषात लढत. १७४५ च्या बंडातील जेम्स रीड या वादकाने आपण शस्त्र धरले नसल्याचा बचाव केला. परंतु बॅगपाइप हे युद्धसाधनच होय, असे ठरवून १७४६ मध्ये त्यास यॉर्क येथे फाशी देण्यात आले. तथापि ब्रिटिश सैन्यात १८५४ पर्यंत या वादकाचे पद अधिकृत नव्हते. त्याची गणना बहुधा ढोलवाल्यांत होई. त्याचा मान सैनिकांच्या मानण्यावरच अवलंबून असे.

असई (जालना जिल्हा) येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची शिंदे–भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली. पलटणीतील वाद्यवृंदास जखमींच्या शुश्रूषेची आज्ञा होती. ती आपणांसही लागू आहे असे समजून या वादकाने वाद्य खाली ठेवले व तो जखमींच्या मदतीस गेला. त्याबद्दल सहकाऱ्यांनी त्याची निर्भर्त्सना केली. बासरीवाले मागे राहिले तरी चालेल, बॅगपाइपवादकाचे स्थान मात्र रणधुमाळीतच, अशी त्यांची धारणा होती. पुढे २९ नोव्हेंबर रोजी अडगाव (अकोला जिल्हा) येथील चढाईत त्याने एवढ्या आवेशाने वादन केले की, सैनिक वेळेपूर्वीच धावून जाऊन रांग मोडतील, अशी स्थिती निर्माण झाली. त्याच्यावरील ठपका त्यामुळे पुसला गेला.

आज्ञापालन व जखमींची सेवा यांमुळे त्याला बोल लागला, तर शिस्त धोक्यात आणणाऱ्या वादनाने त्याची प्रतिष्ठा परत मिळाली. रणवाद्याचे सामर्थ्य व त्या काळच्या शौर्यकल्पनेची मर्यादा या दोन्ही गोष्टी या हकीकतीवरून स्पष्ट होतात. वायव्य सरहद्दीवरील दर्गाईच्या लढाईत (१८९७) जखमी होऊनही वादन चालू ठेवणाऱ्या जॉर्ज फिंडलेटर या बॅगपाइपवादकास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश अमदानीत हे वाद्य हिंदी पलटणींतही रुजले आणि स्वातंत्र्योत्तर काळातही भारतीय सेनेच्या वाद्यपथकांत ते टिकून राहिले.