अडीच तोळ्यांचा बाण

परवा माळा आवरताना आजोबांचा बाण हाती लागला. आजोबा जव्हारकडे शाळामास्तर होते, तिथेच कुणीतरी त्यांना दिलेला. बांबूची काडी, पुढे लोखंडी पातं, मागे झडत आलेली पिसं. धनुष्य नाही. बोईसरला सोनाराकडे जायचंच होतं, म्हणून तोही पिशवीत टाकला आणि काट्यावर ठेवायला लावला. २९ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने अडीच तोळे! सोनार हसला. मी मात्र विचारात पडले. हे वजन कुणी, कसं ठरवलं असेल?

धनुष्य ओढताना आपण त्यात जोर साठवतो. बाण हलका असला की वेगाने सुटतो, लांबवर सरळ जातो. पण साठलेला सगळा जोर काही त्याला घेता येत नाही. उरलेला धनुष्याला आणि हाताला हादरे देतो. बाण फारच हलका असेल तर धनुष्य तडकायचीसुद्धा भीती. जड बाण सावकाश जातो, लवकर खाली झुकतो, पण जोर जास्त नेतो आणि खोल रुततो. शिवाय दोरीचा आवाज कमी.

हल्लीचे धनुर्धारी ढोबळ हिशेब सांगतात : धनुष्याच्या ताणाच्या दर पौंडामागे दहा ग्रेन. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे आमचा बाण ४५० ग्रेनचा, ४५ पौंडांच्या धनुष्याला शोभेलसा.

करणाऱ्याकडे ना काटा होता ना ग्रेन. त्याच्याकडे स्वतःचा तीरकामठा होता आणि हात होता. झाडीत शिकार जवळूनच साधायची, तेव्हा बाण थोडा झुकला तरी चालतो, पण रुतला नाही तर जखमी जनावर हातचं जातं. मग पातं जड हवं. पाखराला मात्र बोथट टोकाचा बाण, मांस फाटू नये म्हणून.

मग १८७८ चा वन कायदा आला आणि राखीव जंगलात नियमाबाहेरची शिकार गुन्हा ठरली. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती, यांनी शिकार जवळजवळ पूर्णच थांबवली. ती थांबायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जंगल तोडलं ते काही तीरकामठ्याने नव्हे, हेही खरं. आणि शिकारीबरोबर हाताला कळणारं ते वजनही चाललं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. त्या चित्रांत धनुष्य ताणलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. चित्रात वजन दिसत नाही, एवढंच.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? आजोबांनी बाण जपला, पण देणाऱ्याचं नाव कुठेच लिहून ठेवलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. अडीच तोळ्यांचा हिशेब मला आज लागला, माणसाचा नाही.

असो. आत्या, काका, हे वाचत असाल आणि काही आठवत असेल तर जरूर कळवा. नाव मिळालं तर बाणाला चिठ्ठी बांधून ठेवीन.