पोट, पटल आणि दृष्टी : एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

पोटातील विकार डोळ्याच्या पडद्यांपर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न जंतुशास्त्राहून पुष्कळ जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने त्यास कसोटीच लावून दिली. डोळ्यांपुढे ठिपके दिसणे हे मोतीबिंदूचे पूर्वचिन्ह, की अपचनाचा परिणाम? त्रास दोन्ही डोळ्यांस सारखा असेल, पचनाबरोबर कमीअधिक होत असेल व कोरफडीच्या कडू रेचकाने नाहीसा होत असेल, तर मूळ पोटात, असा त्याचा निर्णय होता.

गेलेनचे नेत्रविज्ञान नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाकने अरबीत आणले. युनानी वैद्यकाची नेत्रपरिभाषा याच परंपरेतील होय. उमरगा तालुक्यातील मुरुमचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या उर्दूत डोळ्याचे थर म्हणजे ‘तबके’ : जाळ्यासारखा तो ‘शबकिया’, वारेसारखा तो ‘मशीमिया’. मराठीने मात्र संस्कृत ‘पटल’ घेऊन ‘दृष्टिपटल’ हा शब्द घडविला. येथेच घोटाळा संभवतो. सुश्रुतसंहितेतही पटले आहेत आणि दोष शिरांवाटे वर चढून त्यांत शिरतात. परंतु ती तेजोजल, मांस, मेद व अस्थी यांच्या आश्रयाने कल्पिलेली आहेत. शब्द तोच असला तरी पदार्थ तो नव्हे. सुश्रुतास आजचा शोध ठाऊक होता, हे म्हणणे टिकत नाही.

१९८२ मध्ये पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी जठरातील जंतूची ओळख पटविली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव त्यास १९८९ मध्ये मिळाले. पुढे त्याचा संबंध दृष्टिपटलाखाली पाणी साचण्याच्या एका विकाराशी जोडला गेला. १८६६ मध्ये फॉन ग्रेफने वर्णिलेला हा विकार पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. अशा दुखण्यात औषधानंतर बरे वाटणे हा पुरावा ठरत नाही. औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना हवी. गेलेनच्या कसोटीत नेमकी हीच उणीव होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान इराणी चाचणीत अशी तुलना झाली. जंतुनाशानंतर पाणी काहीसे लवकर शोषले गेले, पण दृष्टीच्या तीक्ष्णतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. जगातील जवळपास निम्म्या लोकांत आढळत आलेला जंतू रुग्णाच्या पोटात सापडावा, यात नवल ते कोणते? त्यापेक्षा स्टेरॉइड औषधांचा या विकाराशी असलेला संबंध कितीतरी अधिक दृढ आहे.