मापनसाहाय्यकाचा व्यवसाय (भारतातील)

भूमापन, खगोलीय वेध, भूचुंबकीय व वातावरणीय निरीक्षणे इ. कार्यांत उपकरण हाताळून प्रत्यक्ष मोजमाप घेणे, त्याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदींवरून गणित करणे, हा मापनसाहाय्यकाचा व्यवसाय होय. साखळी धरणारा खलाशी, थिओडोलाइटवर कोन वाचणारा साहाय्यक, कोष्टकांच्या आधारे आकडेमोड करणारा गणक आणि उपकरणांची दुरुस्ती करणारा कारागीर, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. भारतात हा पगारी व्यवसाय म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आकारास आला. मोजणीच्या कामात माणसाचे कौशल्य आकड्यांवरून ताबडतोब पारखता येत असल्यामुळे, ज्यांना इतर सरकारी नोकऱ्यांची दारे बंद होती अशांनाही येथे प्रवेश मिळाला. मात्र कौशल्याच्या प्रमाणात दर्जा व श्रेय मिळण्यास दीर्घ काळ जावा लागला.

मद्रासची शाळा : ईस्ट इंडिया कंपनीला नव्याने हाती आलेल्या प्रदेशांचे नकाशे हवे होते, परंतु इंग्लंडहून प्रशिक्षित सर्वेक्षक आणणे खर्चाचे होते. कंपनीचे खगोलज्ञ मायकेल टॉपिंग यांनी यावर उपाय म्हणून १७९४ मध्ये मद्रास येथे सर्वेक्षण शाळा काढली. तिचे पहिले आठ विद्यार्थी तेथील मुलांच्या अनाथालयातून घेतलेले होते. या अनाथालयात गोऱ्या सैनिकांची मुले असत व त्यांपैकी अनेकांच्या माता भारतीय होत्या. भारतीय मातेच्या पोटी जन्मलेल्यांना कंपनीच्या मुलकी व लष्करी सेवेत घेऊ नये, असा निर्णय १७९१ मध्ये झालेला होता. अशा मुलांना गणित, रेखन व उपकरणांचा वापर शिकवून उमेदवार म्हणून मोजणीच्या तुकड्यांत धाडले जाई. स्वस्तात प्रशिक्षित माणूस मिळावा हा कंपनीचा हेतू होता. मुलांच्या दृष्टीने तो उपजीविकेचा मिळालेला एक मार्ग होता. ही शाळा पुढे वाढत जाऊन तिचे गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात रूपांतर झाले.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत जोशुआ डी पेनिंग यांचे नाव महत्त्वाचे आहे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळील सेंट टॉमस माउंट येथे सु. ७.५ मैल लांबीची आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्यांच्या पथकात डी पेनिंग उमेदवार म्हणून दाखल झाले आणि पुढे कलकत्त्याच्या गणनकार्यालयाचे प्रमुख झाले. लॅम्टन यांचा मोठा थिओडोलाइट सु. अर्धा टन वजनाचा होता. तो टेकड्यांवर व देवळांच्या गोपुरांवर चढविणे, दूरच्या स्थानकावर निशाण उभारणे, रात्री दिवे लावून खूण देणे ही कामे खलाशी व साहाय्यक करीत. हे काम दक्षिणेकडून सरकत मध्य भारतात आले असता १८२३ मध्ये लॅम्टन यांचे हिंगणघाट (वर्धा जिल्हा) येथे निधन झाले. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी तराईतून मोजणीची मालिका नेताना हिवतापाने अनेक माणसे दगावली. अधिकाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी विस्ताराने आढळतात. खलाशांची नावे क्वचितच सापडतात.

गणक व कारागीर : लॅम्टन यांच्यानंतर सर्वेक्षणाची सूत्रे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. गोलीय त्रिकोणमिती जाणणाऱ्या गणकांची त्यांना निकड होती. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील गणिताचे अध्यापक जॉन टायटलर यांनी आपले विद्यार्थी राधानाथ शिकदार (१८१३–७०) यांची शिफारस केली व १८३१ मध्ये ते दरमहा ३० रुपयांवर गणक म्हणून रुजू झाले. अशा रीतीने अनाथालयाबरोबरच महाविद्यालय हेही भरतीचे क्षेत्र बनले. शिकदार यांची योग्यता एव्हरेस्ट यांनी लवकरच ओळखली आणि १८४९ मध्ये त्यांची कलकत्त्यास मुख्य गणक म्हणून नेमणूक झाली. हिमालयातील ‘शिखर क्र. १५’ ची उंची २९,००२ फूट असल्याचे अँड्रू वॉ यांनी १८५६ मध्ये जाहीर केले. हेच पुढे एव्हरेस्ट शिखर म्हणून ओळखले गेले. ही उंची अनेक स्थानकांवरील वेध व प्रकाशाच्या अपवर्तनाची दुरुस्ती यांवरून काढलेली असल्याने तिचे श्रेय शिकदार यांच्याकडे कितपत जाते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा गणिताच्या पद्धती बसविण्यात त्यांचा वाटा मोठा होता, हे मात्र निर्विवाद आहे.

अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे मद्रासमधील एका जवाहिऱ्याकडे काम करीत असताना त्यांचे हस्तकौशल्य लक्षात येऊन त्यांना सर्वेक्षण खात्यात घेण्यात आले. इंग्लंडहून आलेले उपकरणकार हेन्री बॅरो यांच्यासमवेत त्यांनी थिओडोलाइटांच्या दुरुस्तीचे सूक्ष्म काम केले. बॅरो परत गेल्यावर एव्हरेस्ट यांनी त्या पदासाठी त्यांचाच आग्रह धरला व काही काळाने ते पद त्यांना मिळाले. इंग्रजी शिक्षणावाचून, केवळ हातातील कसबाच्या बळावर मिळालेली ही नेमणूक त्या काळी अपवादात्मक होती.

कुलाबा वेधशाळा : मुंबईत कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. प्रारंभी कालमापन व खगोलीय वेध हे तिचे उद्दिष्ट होते. आर्थर ऑर्लिबार यांच्या काळात, १८४१ मध्ये, तेथे भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. ऑर्लिबार हे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापकही होते. त्यांचे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे यांना वेधशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली. सुमारे दहा वर्षांच्या या कामानंतर छत्रे पुण्यास अध्यापनाकडे वळले. त्यांचा ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. वेध घेण्याचा प्रत्यक्ष अनुभव आणि आकडेमोडीची सवय यांचा लाभ अशा प्रकारे मराठी ज्योतिषशास्त्रीय लेखनास झाला.

वेधशाळेतील साहाय्यकाचे काम वरवर साधे, पण कठोर शिस्तीचे होते. छायाचित्रणाद्वारे आपोआप नोंद करणारी उपकरणे येण्यापूर्वी टांगलेल्या चुंबकाचे स्थान ठराविक वेळी डोळ्यांनी वाचावे लागे. रात्रीची पाळीही चुकत नसे. एका वाचनाला स्वतंत्रपणे फारसा अर्थ नसतो. मात्र वर्षानुवर्षांच्या अखंड मालिकेतून चुंबकीय क्षेत्राचे दैनिक व दीर्घकालीन बदल उलगडतात. म्हणून नियमितपणा हीच या नोकरीतील पहिली पात्रता ठरली. नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असल्याने चुंबकीय नोंदींत व्यत्यय येणार हे ओळखून त्यांनी अलिबाग येथे लोखंडविरहित बांधणीची वेधशाळा उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत समांतर निरीक्षणे घेऊन जुनी व नवी मालिका जोडण्यात आली. साहाय्यकांनी १८४६ पासून जमविलेल्या नोंदींचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

पंडित : तिबेटात परकीय सर्वेक्षकांना मज्जाव असल्यामुळे टी. जी. माँटगोमेरी यांनी सीमेवरील रहिवाशांनाच शिकवून पाठविण्याची योजना आखली. कुमाऊँमधील मिलम येथील शाळाशिक्षक नैनसिंह व त्यांचे आप्त मणिसिंह यांना १८६३ मध्ये डेहराडून येथे प्रशिक्षणासाठी आणण्यात आले. ठराविक लांबीचे पाऊल टाकण्याचा त्यांना सराव देण्यात आला. २,००० पावलांचा एक मैल होई. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी असत व दर शंभर पावलांना एक मणी ओढला जाई. म्हणजे पूर्ण माळ पाच मैलांची होई. नोंदी प्रार्थनाचक्रात दडविल्या जात आणि उकळत्या पाण्याच्या तापमानावरून स्थळाची उंची काढली जाई. नैनसिंह १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले व त्यांनी त्या नगराचे स्थान आणि उंची निश्चित केली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. सिक्कीमचे किंथुप यांच्या वाट्याला मात्र असा सन्मान वेळेवर आला नाही. त्सांगपो नदीच्या शोधात १८८० मध्ये निघालेल्या किंथुप यांना वाटेत गुलाम म्हणून विकले गेले. तरी सुटका करून घेऊन त्यांनी ठरल्याप्रमाणे खुणा केलेले ओंडके नदीत सोडले. त्याविषयीचा निरोप वेळेवर न पोहोचल्याने ते पाहण्यास खाली कोणीही नव्हते. १८८४ मध्ये परतल्यावर त्यांच्या वृत्तांतावर पूर्ण विश्वास बसला नाही. १९१३ च्या मोहिमेनंतर त्यातील बराच भाग खरा ठरला.

दर्जा व श्रेय : मोजणीखात्यातील मजुरांना वेठीस धरल्याबद्दल शिकदार यांनी १८४३ मध्ये डेहराडूनच्या दंडाधिकाऱ्यास विरोध केला व त्याबद्दल त्यांना २०० रुपये दंड झाला. भारतातील सर्वेक्षणाच्या इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथाच्या १८५१ च्या आवृत्तीत त्यांनी लिहिलेल्या गणितविषयक भागांचा ऋणनिर्देश होता. त्यांच्या निधनानंतर १८७५ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून त्यांचे नाव गाळण्यात आले, मजकूर मात्र राहिला. यावर तत्कालीन वृत्तपत्रांतून टीका झाली. काम स्वीकारायचे, पण कर्त्याचे नाव दुय्यम मानायचे, ही त्या व्यवस्थेची रीत या प्रसंगांवरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवसायातील प्रवेश शिफारशीऐवजी शिक्षणक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र यांवर आधारला गेला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सर्वेक्षक व उपकरण दुरुस्तीचे अभ्यासक्रम सुरू झाले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उमेदवारीस कायद्याचा आधार मिळाला. महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागात हे काम भूकरमापक करतो. साखळी व थिओडोलाइट यांची जागा इलेक्ट्रॉनिक व उपग्रहाधारित उपकरणांनी घेतली असली, तरी उपकरण पारखून घेणे, वाचन प्रामाणिकपणे नोंदविणे आणि शंका येताच पुन्हा मोजणे, ही या व्यवसायाची मूळ पात्रता बदललेली नाही.