नळदुर्गचा पाणीमहाल

जितीश कल्लाट या मुंबईच्या चित्रकाराने २०१० साली शिकागोच्या कलासंग्रहालयात एक काम मांडले. ११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंदांनी केलेले भाषण त्याने तेथील मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत उमटविले. धर्मपरिषद भरली होती ती हीच इमारत. अक्षरांचे रंग पाच. दहशतवादाच्या धोक्याची पातळी सांगण्यासाठी अमेरिकी सरकार वापरीत असे तेच. ही अक्षरे दुसऱ्या घरात नेली तर शब्द तेच राहतील, पण त्यांची धार जाईल. भोवतालाप्रमाणे बदलणारी ही कला नवी म्हणून सांगितली जाते. आम्हां धाराशिवकरांना मात्र तिची ओळख फार जुनी आहे.

नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला (१५८०-१६२७). बोरी नदीवर काळ्या दगडाचा बंधारा घातला, त्याने नळदुर्ग व रणमंडळ हे दोन भाग जोडले गेले आणि किल्ल्याभोवती पाणी राहिले. काम मुळात लढाईच्या सोयीचे. पण बांधणारे तेवढ्यावर थांबले नाहीत. भिंतीच्या पोटातच त्यांनी महाल काढला. नदी भरून आली की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते, आणि आत उभा राहिलेला माणूस कोरड्या अंगाने पाण्याचा पडदा पाहतो. वैशाखात तीच भिंत मुकी असते. म्हणजे निम्मे काम कारागिराचे, निम्मे पावसाचे. बादशहाचे नाव इतिहासात राहिले. पाथरवटांची, चुना मळणाऱ्यांची, पाट्या वाहणाऱ्या बायांची राहिली नाहीत. चळवळीत वाढलेल्या आम्हांला हे खटकते, आणि खटकावेच.

आता वरच्या अंगाला बोरीवरच धरण झाले आहे. ते भरून सांडल्याशिवाय नर-मादी वाहत नाहीत. दूरवरून आलेल्या पाहुण्यांचा हिरमोड होतो. होऊ द्यावा! ते पाणी आधी नळदुर्ग-तुळजापूरच्या घागरींचे आणि शेतांचे आहे. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. तशा सालातही नळदुर्गास जावे. पाण्याचा पडदा नसतो तेव्हा दगडाला दगड कसा बसविला आहे ते दिसते, आणि तो हात कोणाचा असेल असे मनात येते.