दूधवाल्याची स्प्रिंग

आमच्या कर्जत तालुक्याचा इतिहास सांगायला बसलं की पहिलं नाव निघतं हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात ते पडले. ती नावं पहिलीच यायला हवीत. पण कशेळ्याच्या माणसानं ओझं कसं वाहिलं, याचाही एक इतिहास आहे, आणि तो कुणी लिहीत नाही. डोकं, कावड, बैलगाडी, सायकल, मग मोटारसायकल. त्यातल्या शेवटच्या टप्प्याबद्दल मी लिहितो, कारण तो मी डोळ्यांनी पाहिला. दहावीपर्यंत शिकलो, पुढं भातशेती आणि चार म्हशी.

बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे आख. दगडावर चाक चढलं की दणका सरळ कण्यात. म्हणून साटीत पेंढा टाकायचे. आजारी माणूस, बाळंतीण, म्हातारी कोतारी असली तर जास्त पेंढा. तीच आमची स्प्रिंग. कर्जत स्टेशनाबाहेर टांगा दिसायचा, त्याला खाली पोलादी पट्ट्यांची कमान असायची. लहानपणी मला वाटायचं की टांगेवाल्याचा घोडा चांगला म्हणून टांग्यात हिसका कमी बसतो. घोड्याचा त्यात काही संबंध नाही, ते काम कमानीचं, हे पुढं गॅरेजच्या बाकावर बसून कळलं.

कशेळं कर्जतपासून चौदा-पंधरा किलोमीटर. एक रस्ता मुरबाडकडं जातो, एक नेरळकडं, एक खांडसकडं. खांडसच्या पुढं पायवाटेनं भीमाशंकर. पाऊस असा की श्रावण सरेपर्यंत डांबर वाहून खडी वर येते. या रस्त्यांवर पहिली खरी कामाची मोटारसायकल आली ती राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीनं ती १९६२ पासून बनवली, मूळ नमुना पोलंड देशातला. तिच्या आधी बुलेट होती. मद्रासला एनफिल्ड इंडिया १९५५ ला सुरू झाली. पण बुलेट म्हंजे फौजदाराची नाहीतर बागायतदाराची. राजदूत दूधवाल्याची.

मोटारसायकलला पहिल्यापासून चांगल्या स्प्रिंगा होत्या असं नाही. सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांना मागं स्प्रिंगच नसायची, फक्त बसायच्या सीटखाली दोन वळ्या. पुढच्या नळीत स्प्रिंग आणि सोबत तेल, ही जोडी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं १९३५ ला बाजारात आणली. तेल कशाला? स्प्रिंग दबते आणि उसळते, तिला आवरणारं कुणी नसलं तर गाडी खड्डा गेल्यावरही नाचत राहते. तेल बारीक भोकातून जाताना अडतं आणि उसळी मारतं. स्प्रिंग ओझं पेलते, तेल तिला आवरतं. कामं दोन वेगळी आहेत, पण आपण दोन्हीला मिळून शॉकअप म्हणतो आणि मग गोंधळ होतो.

आता दूधवाल्याचा हिशेब बघा. चाळीस लिटरच्या दोन कॅन. लिटरभर दूध किलोपेक्षा जरासं जड, म्हंजे नुसतं दूध ८२ किलो. कॅनचं वजन वेगळं. वर ६० किलोचा माणूस. झाले दीडशेच्या वर. तेही कॅन मागच्या आखाच्या मागं टांगलेल्या. त्यामुळं मागचं चाक दबतं आणि पुढचं हलकं होतं. चढावर हँडल हातात राहत नाही. गाडी बनवणाऱ्यानं दोन माणसांचा विचार केलेला, आणि आमचा गडी रोज पहाटे अडीच माणसांचं ओझं घेऊन खडीवरून निघणार.

"भाऊ, गाडी मागनं लय बसते," असं म्हणत सगळे मिस्त्रीकडं यायचे. मिस्त्रीकडं तीन इलाज होते. एक, स्प्रिंगच्या बुडाला जाड वायसर नाहीतर पाइपाचा तुकडा घालायचा. दोन, स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे. तीन, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची जाड तारेची स्प्रिंग बसवायची. तिन्हींनी गाडी वर उचलली जायची, म्हणून लोकांना तिन्ही सारखेच वाटायचे. पण तसं नाही.

इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं १६७८ ला छापून सांगितलं की स्प्रिंगवर जेवढा जोर, त्या प्रमाणात ती ताणते किंवा दबते. समजा मिलिमीटरला २ किलो घेणारी स्प्रिंग आहे. १०० किलो ठेवले तर ती ५० मिलिमीटर दबेल. तिलाच पाइपाचा तुकडा घालून आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर पहिले २० किलो ती हलणारच नाही, आणि १०० किलोला ४० मिलिमीटर खाली जाईल. गाडी उंच दिसेल. पण त्यापुढं प्रत्येक मिलिमीटरला ती तेच २ किलो घेणार. कडकपणा वाढला नाही, फक्त सुरुवात पुढं सरकली.

वेढे कापले तर मात्र स्प्रिंग खरंच कडक होते. काम करणाऱ्या १२ वेढ्यांचे १० केले तर कडकपणा १२ भागिले १०, म्हंजे २० टक्के जास्त. पण लांबी गेली, ती भरायला परत पाइप, आणि कापलेलं टोक नीट बसत नाही. तारेची जाडी ही सगळ्यात मोठी गोष्ट. बाकी सगळं तेच ठेवून ७ मिलिमीटरच्या जागी साडेसातची तार घेतली तर फरक अर्ध्या मिलिमीटरचा दिसतो, कडकपणा मात्र ३२ टक्क्यांच्या आसपास वाढतो. कारण जाडीचा चौथा घात धरावा लागतो. मिस्त्रीला घात माहीत नव्हता, पण बोटांनी तार चाचपून तो सांगायचा, "ही दुधाला चालंल, ही नवरदेवाला."

खरी अडचण परतीच्या वाटेवर होती. जाताना दीडशे किलो, येताना एकटा माणूस आणि रिकाम्या कॅन. दुधासाठी घातलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला दबतच नाही. चाक खडीवर टणटण उडतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागत नाही, आणि सगळा मार कमरेला. आमच्या पिढीचे दूधवाले आज काठीशिवाय उठत नाहीत, त्यांच्यात वयाचा वाटा आहे तसाच या परतीच्या वाटेचाही आहे.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. मागच्या शॉकअपला खाचांची रिंग असलेल्या अशा गाड्या मग घरोघर झाल्या. पान्यानं फिरवली की स्प्रिंग आधीच कमीजास्त दाबून ठेवता येते. म्हंजे मिस्त्रीचा पाइपच, पण हवा तेव्हा घालता-काढता येणारा. पुढं बजाजनं एका स्प्रिंगच्या आत दुसरी अशी जोडीची स्प्रिंग काढली. आतली आखूड असली तर ती ओझं वाढल्यावरच कामाला लागते. रिकामी गाडी मऊ, भरलेली कडक. दूधवाल्याला हवं होतं ते हेच.

एक प्रसंग लिहून ठेवतो. वीसेक वर्षांपूर्वीच्या आषाढात, रात्री, वरच्या वाडीतल्या एका पोरीला कळा लागल्या. जीप चढेना. आमच्या शेजारचा दूधवाला गाडी घेऊन गेला. पोरगी मधे, मागं तिची सासू धरून बसणार. सगळे त्याला म्हणायला लागले, "अरे, शॉकअप ढिला कर, तिला हिसके बसतील." त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, "काकी, तिघांचं वजन माझ्या दुधाएवढंच हाय. ढिला केला तर खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटंल, तो दणका हिच्या पोटाला बसंल. दुधाच्या खाचंवरच राहू दे, गाडी मी पायरी-पायरीनं नेतो." हिशेब बरोबर होता. तो ६०, पोरगी ४५, सासू ४०, एकूण १४५. पहिल्या गिअरात, पाय टेकत, तो कशेळ्याच्या दवाखान्यात पोचला. पहाटे मुलगा झाला. त्या माणसानं पुस्तक वाचलं नव्हतं, पण मऊ म्हंजे सुखाचं असं नसतं, वजनाला जुळेल ते सुखाचं, हे त्याला रोजच्या कामातून कळलं होतं.

आता रविवारी मुंबई-पुण्याची पोरं मोठ्या गाड्या घेऊन या रस्त्यानं येतात. चहाला थांबली की मी विचारतो, "बाळा, वजन किती तुझं? स्प्रिंग कुठं लावलीस?" बहुतेकांना माहीत नसतं. त्यांना सांगतो ते इथंही सांगतो. गाडी अशी उभी करा की मागचं चाक मोकळं लोंबेल. आखापासून वर सरळ सीटच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. मग चाक जमिनीवर घेऊन, रोजचं ओझं लादून, स्वतः बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा हवा. हालचाल ९० मिलिमीटर असेल तर ३०. फार जास्त बसत असेल तर एकेक खाच चढवा. शेवटच्या खाचेवरही बसत असेल, तर रिंग पिळू नका, स्प्रिंगच जाड तारेची घ्या. पहिल्या खाचेवरही बसत नसेल तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही. जोरात चालवणाऱ्यानं थोडी कडक घ्यावी, पण तेलही त्या जोडीचं असू द्यावं, नाहीतर मोठी उसळी आवरत नाही.

वाडीतली दूधगाडी आता टेम्पो झाली आहे. जुन्या राजदूतच्या दोन स्प्रिंगा माझ्या पडवीत आहेत, एक मूळची आणि एक मिस्त्रीनं कापलेली. कुणाला तार मोजून बघायची असेल तर घरी यावं, मापं घ्यायची पट्टी माझ्याकडं आहे.